सावड की वेठ?

तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांची बैठक भरली की कापसाचा भाव, पीकविमा आणि पिण्याचे पाणी हे तीन विषय आपापल्या जागा धरून बसलेले असतात. गेल्या महिन्यात नेर येथे झालेल्या बैठकीत या तिघांना बाजूला सारून एक चौथाच विषय तासभर चर्चिला गेला, आणि आवाज इतके चढले की चहा घेऊन आलेला मुलगा दारातच थबकला. विषय होता संगणकाच्या एका आज्ञावलीत केलेल्या वीसेक ओळींच्या दुरुस्तीचा. आपल्यापैकी पुष्कळांना हा प्रश्न शहरी, सुखवस्तू आणि समाजवादी चळवळीच्या परिघाबाहेरचा वाटेल. मलाही प्रथम तसाच वाटला होता. परंतु अर्थशास्त्र शिकविण्यात उभी हयात घालविलेल्या माणसाला त्या वादात श्रम, मालकी आणि मोबदला हे आपले जुनेच प्रश्न नव्या कपड्यांत दिसू लागले, म्हणून ही जागा त्यासाठी वापरीत आहे.

हकीकत अशी. माझा संबंध असलेल्या एका वाचनालयाच्या वार्षिक सभेत कार्यकारिणीची निवडणूक होती. सभासदांची यादी आडनावांच्या अनुक्रमाने संगणकावर तयार करून भिंतीवर लावली होती. काळे आडनावाचे एक वृद्ध सभासद यादीपाशी आले. कावळे, काशीकर, कासार अशा नावांवरून बोट फिरवीत ते खाली आले, तो पुढे एकदम किनारे! मागोमाग माळी आडनावाच्या एका बाईंनाही माहुरेंच्या खाली आपले नाव सापडेना. 'नावे कापली' अशी कुजबूज सुरू झाली. सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्या माणसांना या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पंधरा-वीस मिनिटे सभा थांबली. अखेर कोणा तरुणाच्या ध्यानात आले की काळे आणि माळी हे दोघेही यादीत आहेत, पण बऱ्याच वर, कावळे व मावळे यांच्याही आधी.

आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, हे आपण पाटीवर शिकलो. संगणक पाटीवर शिकलेला नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, आणि भारतीय भाषांसाठी १९९१ साली जे मानक ठरले त्यात सर्व भारतीय लिप्यांना एकच साचा बसावा म्हणून ळ ची जागा ल च्या शेजारी ठेवली गेली. युनिकोडमध्येही तोच क्रम आहे. हे क्रमांक अक्षर साठविण्यासाठी आहेत. नावे लावताना प्रत्येक भाषेचा अनुक्रम वेगळा सांगावा लागतो. आमची यादी करणाऱ्या आज्ञावलीला मराठीचा अनुक्रम कोणी सांगितलेलाच नव्हता. त्यात दुष्टावा कोणाचा नव्हता. ती लिहिणाऱ्यांत मराठी माणूस नव्हता, एवढेच.

मात्र ती आज्ञावली मुक्त होती. म्हणजे ती विनामूल्य होती इतकेच नव्हे. तिची मूळ संहिता, माणसाला वाचता येतील अशा शब्दांत लिहिलेल्या तिच्या साऱ्या आज्ञा, कोणालाही उघडून पाहता येत होत्या, बदलता येत होत्या आणि बदललेली प्रत इतरांना देता येत होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या अमरावतीला संगणकशास्त्राची पदवी घेत आहे. ती सुटीत गावी आली असताना मी हा किस्सा तिला गंमत म्हणून सांगितला. तिने तो गंमत म्हणून घेतला नाही. दोन दिवसांनी येऊन ती म्हणाली, "सर, दुरुस्ती झाली. पण आपल्या यादीपुरती करून ठेवायची की सगळ्यांसाठी पाठवायची?"

या प्रश्नापाशी क्षणभर थांबले पाहिजे. आपल्यापुरती दुरुस्ती करून ठेवली असती तर आमचे काम झाले असते. पण आज्ञावलीची पुढची आवृत्ती आली की दुरुस्ती पुसली जाणार, आणि सांगलीच्या किंवा बेळगावच्या एखाद्या संस्थेत दुसरे काळे यादीत आपले नाव शोधत उभे राहणार. तिने पाठविण्याचे ठरविले. त्याची रीत तिने मला समजावून सांगितली, ती कोणत्याही सार्वजनिक संस्थेने अभ्यासावी अशी आहे. प्रथम संहितेची आपली वेगळी प्रत घ्यायची. तीत बदल करायचा. जुनी ओळ कोणती आणि नवी कोणती हे शेजारी शेजारी मांडायचे. बदल का केला हे चार ओळींत लिहायचे, आणि तो बदल बरोबर आहे हे सिद्ध करणारी उदाहरणेही जोडायची, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाच्या दुरुस्तीने आपली दुरुस्ती मोडली तर लगेच कळेल. मग हे सारे आज्ञावलीच्या राखणदारांकडे पाठवायचे. हा शब्द माझा. पण शेताच्या राखणदाराप्रमाणेच ते बांधावर बसून आत काय येते आणि काय जाते यावर नजर ठेवतात. चर्चा सर्वांसमक्ष होते आणि तिची नोंद कायम राहते.

राखणदारांकडून पहिला आक्षेप आला तो असा : हा बदल केल्यास हिंदी आणि नेपाळी वापरणाऱ्यांच्या याद्या बिघडणार नाहीत काय? आक्षेप रास्त होता. देवनागरी ही काही एकट्या मराठीची मालमत्ता नव्हे. तिने नियम बदलून तो भाषा मराठी निवडली असेल तरच लागू होईल असा केला. दुसरा आक्षेप क्ष आणि ज्ञ यांच्यासंबंधी होता. यांनाही ह आणि ळ नंतर न्यावे, असा तिचा आग्रह होता. परंतु आमच्या घरच्या कोशांतच याबाबत एकवाक्यता नाही, कोठे क्ष हा क च्या पोटात आहे तर कोठे अगदी शेवटी. तेव्हा तिला उत्तर मिळाले की एका दुरुस्तीत एकच गोष्ट असावी, वादाची गोष्ट वेगळी मांडावी. तिने ती काढून घेतली. आपल्या बैठकींतले ठराव या शिस्तीने आले असते तर आयुष्यातल्या किती रात्री वाचल्या असत्या, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. जवळपास चार आठवड्यांनी दुरुस्ती स्वीकारली गेली. त्या आज्ञावलीच्या इतिहासात आता तिचे नाव, तारीख आणि त्या वीस ओळी कायमच्या आहेत.

हे मी बैठकीत कौतुकाने सांगितले आणि तेथेच ठिणगी पडली. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांनी तरुणपणी जिनिंग कामगारांत काम केले आहे, ते उठून म्हणाले, "सर, हे त वेठ झाली. पोरीनं महिनाभर राबावं, अन् कमावणार कोण? अमेरिकेतल्या कंपन्या. शकुंतलेचं काय झालं आठवते का? गाडी आपली, डायव्हर आपला, प्रवासी आपले, अन् रूळ कंपनीचे."

शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मार्गावरची गाडी. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने टाकलेला तो लोहमार्ग १९५१ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि गाडी चालविणारी भारतीय रेल्वे त्यापोटी कंपनीला पैसे देत राहिली. गाडी आता बंद आहे. तिची आठवण मात्र या जिल्ह्यात मालकीचा धडा म्हणून शिल्लक आहे. तेव्हा त्या सहकाऱ्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याला उत्तर द्यायचे तर या व्यवहाराची घडण पाहिली पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने आज्ञावली हे साहित्य आहे! आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. पण कादंबरी विकत घेतली तर ती निदान वाचता येते. खाजगी आज्ञावलीचे तसे नाही. ग्राहकाला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना; तिचा मजकूर त्याच्यापासून झाकलेला असतो. आणि आता तर वर्षावर्षाचे भाडे भरण्याची पद्धत रूढ झाली आहे. यवतमाळच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. देशी कापसाची सरकी घरात राखून पुढच्या मृगाला पेरता येत असे. संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि बियाण्याची पिशवी दर हंगामात विकत घेणे अटळ झाले. बी ठेवण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. पण ज्या बियाण्यातून पुढच्या वर्षी तेच पीक येत नाही त्याच्यावर तो हक्क चालवावा कसा? झाकलेली आज्ञावली ही अशीच पिशवी आहे.

या झाकपाकीविरुद्ध पहिले संघटित बंड १९८३ साली झाले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या वर्षाच्या सप्टेंबरात जीएनयू या मुक्त संगणक-प्रणालीची घोषणा केली. त्याआधी प्रयोगशाळेतल्या एका मुद्रण-यंत्राची आज्ञावली दुरुस्त करण्यासाठी त्यांनी तिची संहिता मागितली होती आणि ती नाकारण्यात आली होती. स्टॉलमन हे काही समाजवादी नव्हेत, आणि त्यांची सगळीच मते आपल्याला पटावीत असेही नाही. पण १९८९ साली त्यांनी जो सार्वजनिक परवाना सिद्ध केला त्यातील युक्ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी अशी आहे. त्यांनी कॉपीराइट कायदा झुगारला नाही. त्याचाच आधार घेऊन त्यांनी अट घातली : ही आज्ञावली वापरा, उघडा, बदला, वाटा, विका देखील, परंतु बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा तिची संहिता याच अटींवर द्यावी लागेल.

ही सावड आहे. सावडीत मी तुमच्या शेतावर बैलजोडी घेऊन येतो तो काही दानधर्म म्हणून नव्हे. माझ्या नांगरटीला तुम्ही याल या बोलीवर येतो. मजुरी कोणी कोणाला देत नाही, पण हिशेब गावाला ठाऊक असतो. श्रमदान ही वेगळी चीज आहे, त्यात परतीची बोली नाही. आणि वेठ म्हणजे जेथे नाही म्हणण्याची सोय नाही आणि पीक दुसऱ्याच्या कोठारात जाते. आमच्या सहकाऱ्यांनी या तिन्हींना एकाच दावणीला बांधले. मुक्त आज्ञावलीच्या क्षेत्रात या तिन्ही गोष्टी आहेत. कोणती कोठे आहे ते परवान्यावरून ओळखायचे.

परतीची बोली केवळ कागदावर राहत नाही याचे एक उदाहरण देतो. घराघरांत इंटरनेट पोचविणारी जी छोटी पेटी असते तशी एक पेटी लिंक्सिस ही कंपनी विकत होती. तिच्या पोटात लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरलेली आहे हे जाणकारांनी ओळखले. परवान्यातील अटीवर बोट ठेवल्यावर कंपनीला २००३ साली संहिता खुली करावी लागली. त्या संहितेतून पुढच्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला आणि असंख्य जुन्या पेट्यांना त्याने नवे आयुष्य दिले. बैलजोडी नेणाऱ्याला परत यावे लागले.

याउलट असेही परवाने आहेत ज्यांत परतीची बोलीच नाही. नाव कायम ठेवा, बाकी काय वाटेल ते करा. असे काम एखाद्या कंपनीने उचलून आपल्या झाकलेल्या आज्ञावलीत घातले तर तक्रारीला जागा उरत नाही. शिवाय सावडीच्या परवान्यालाही एक भगदाड होते. कंपनीने आज्ञावलीची प्रत कोणाला दिलीच नाही, स्वतःच्या संगणकावर ठेवून तिची केवळ सेवा विकली, तर वाटप झाले नाही, म्हणून अटही लागू नाही. आजची बडी भांडवलशाही नेमकी अशाच सेवा विकते. हे भगदाड बुजविणारा परवाना २००७ साली निघाला. कंपन्या त्याच्यापासून चार हात दूर राहतात, आणि त्याचे कारण उघड आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१८ साली गिटहब, म्हणजे जगभरचे मुक्त आज्ञावलीकार जेथे आपली संहिता ठेवतात ते कोठार, साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतले. कोठारातील धान्य अद्याप सर्वांचे आहे. कोठाराची किल्ली कोणाकडे आहे हे मात्र विसरू नये.

म्हणजे आमच्या सहकाऱ्यांचा संशय अर्धा खरा आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग कसा चुकतो ते पाहण्यासाठी पुण्याला जावे लागेल.

१९९० च्या दशकात मराठी नियतकालिके खिळ्यांवरून संगणकावर आली तेव्हा प्रत्येक टंक-विक्रेत्याची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका कंपनीच्या टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. आपल्यासारख्या कित्येक नियतकालिकांचे त्या काळातले अंक कागदावर वाचता येतात, पण त्यांच्या संगणकीय प्रती त्या त्या टंकावाचून मुक्या आहेत. लेखन आपले, विचार आपला आणि हरफ कंपनीचे! युनिकोडने संकेताचा प्रश्न सोडविला. पण मुक्त प्रणालीत मराठी दिसण्यासाठी मुक्त टंकही हवे होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅट या कंपनीने 'लोहित' या नावाने मुक्त परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये त्यांना खास टंकांसाठीचा मुक्त परवाना लाभला. (लोहित म्हणजे तांबडा; आपल्या वाचकांना नाव आवडावे.) मराठी लिहिणाऱ्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेद ठाऊक असतो, एक समुद्र आणि दुसऱ्या खोल घळी. तो भेद यंत्राला कोणी तरी सांगावा लागतो, आणि तो सांगणारा मराठी जाणणाराच असावा लागतो.

अक्षरे जुळविण्याचे हे काम आज बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची मुक्त आज्ञावली करते. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स, लिबरऑफिस या साऱ्यांच्या पोटात तीच आहे. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. 'चकार हरफ काढला नाही' असे आपण म्हणतो तोच हा हरफ. एका इराणी वंशाच्या अभियंत्याच्या पुढाकाराने वाढलेली ही आज्ञावली अरबी, देवनागरी, तमिळ, ख्मेर अशा लिप्या सांभाळते. नेरच्या बाजारात कोणी शेतकरी फोनवर तुरीचा भाव मराठीत वाचतो तेव्हा या अनोळखी माणसांच्या दुरुस्त्यांचा तो लाभ घेत असतो. त्यातले बरेच काम पगारी आहे हेही सांगून टाकतो. लिनक्सच्या गाभ्यातील बहुतांश काम देखील आज कंपन्यांचे वेतनभोगी अभियंतेच करतात. तेव्हा सारे जग फुकट राबते आणि कंपन्या खातात हे चित्र पुरते खरे नाही. सारे काही त्यागावर चालते हे दुसरे गोड चित्रही खरे नाही.

माझी खरी चिंता निराळी आहे. ज्या भागांत कोणत्याच कंपनीला विशेष रस नाही, पण ज्यांच्यावर सर्वांचा भार आहे, तेथे काय होते? इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल ही आज्ञावली जगातील बँका वापरीत होत्या, आणि तिच्या संस्थेला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर होत्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये तीत 'हार्टब्लीड' नावाचे भयंकर छिद्र सापडले तेव्हा जग जागे झाले. त्यातून धडा घेतला गेला असे म्हणावे तर दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, एक्सझेड या मजकूर आवळून ठेवणाऱ्या आज्ञावलीचे प्रकरण उघडकीस आले. तिची देखभाल वर्षानुवर्षे एकच माणूस फावल्या वेळात, विनावेतन करीत होता. तो थकला होता आणि तसे त्याने लिहिलेही होते. जिया तान असे नाव सांगणारी एक अज्ञात व्यक्ती दोन-अडीच वर्षे निमूटपणे उपयुक्त दुरुस्त्या पाठवीत राहिली, विश्वास मिळवून राखणदार झाली, आणि मग तिने संहितेत एक चोरदरवाजा बसविला. जगभरचे संगणक उघडे पडायचे, ते टळले एका योगायोगाने. एका अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो असा प्रश्न पडला, आणि त्याने तो सोडला नाही. मूळ संहिता आणि तिच्या वाटल्या जाणाऱ्या प्रती खुल्या होत्या म्हणून त्याला खोदता आले. पण एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर एवढे ओझे ठेवणारी व्यवस्था कोणती, हा प्रश्न उरतोच. त्याचे नाव वेठ नव्हे तर काय? जर्मनीच्या सरकारने २०२२ साली अशा पायाभूत मुक्त आज्ञावलींच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभारला. रस्त्याची डागडुजी सरकारी खर्चाने होते, मग हिची का होऊ नये, इतका साधा विचार त्यामागे आहे.

आपल्याकडे हाच विचार आणखी पुढे न्यावा लागेल. २०१७ ची राज्य सरकारची शेतकरी कर्जमाफी आठवा. दीड लाखाची मर्यादा, कुटुंब हे एकक, आणि अर्ज केवळ ऑनलाइन. त्या पावसाळ्यात सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली आणि पाठोपाठ याद्यांतील गोंधळ वृत्तपत्रांतून गाजू लागला. कोण पात्र, कोण अपात्र हे ठरविणारे निकष शासन-निर्णयात छापलेले होते. पण त्या निकषांचे ज्या आज्ञांत रूपांतर झाले त्या आज्ञा कोणी पाहिल्या? शासन-निर्णय चुकला तर आपण मोर्चा नेतो, न्यायालयात जातो. आज्ञा चुकली तर खिडकीवरचा मुलगा एवढेच सांगतो की सिस्टीम घेत नाही. वाचनालयाच्या यादीत काळे सापडले, कारण भिंतीवर यादी होती आणि आज्ञावली खुली होती. कर्जमाफीच्या यादीतल्या काळ्यांनी कोठे बोट फिरवावे?

शासकीय आज्ञावलींची संहिता खुली करून त्यांचा सहकार्याने विकास करावा, असे केंद्र सरकारचे धोरण २०१५ सालीच जाहीर झाले आहे, आणि मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरणही त्याच वर्षीचे आहे. दोन्ही कागद चांगले आहेत. त्यांच्या आधारे सातबारा, पीकविमा, शिधापत्रिका यांच्या संहितांची मागणी करण्याचे काम कोणत्याही पक्षाने हाती घेतलेले माझ्या पाहण्यात नाही, आपल्याही नाही. लोकांच्या पैशातून लिहून घेतलेली आज्ञा लोकांना वाचता आली पाहिजे, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात यायला हवी, आणि ती मागताना संहिता केवळ दाखवून भागणार नाही. पाठविलेल्या दुरुस्तीला ठरावीक मुदतीत कारणांसह उत्तर मिळाले पाहिजे. आरोग्य सेतूची अँड्रॉइड फोनवरील संहिता २०२० च्या मे महिन्यात खुली झाली ती टीकेच्या रेट्यामुळेच. सरकारी दारे रेट्याने हलतात हा आपला अनुभव येथेही लागू आहे.

मात्र दार उघडल्यावर आत जाणारे हवेत. केरळने २००१ पासून शाळांतून संगणक-शिक्षण सुरू केले आणि काही वर्षांत ते मुक्त प्रणालीवर आणले. तेथील मल्याळम भाषकांचे मुक्त आज्ञावलीचे गट त्याच हवेत वाढले. महाराष्ट्रात त्याच २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांनी गावोगावच्या लक्षावधी मुलामुलींचा संगणकाशी परिचय करून दिला. ते काम लहान नव्हे. पण हा परिचय मुख्यतः एका कंपनीच्या खिडक्यांचा आणि बटणांचा झाला. मोटार चालविता येते, बॉनेट उघडता येत नाही, अशी पिढी आपण तयार केली. जी थोडी उघडू शकतात ती पुण्याला आणि तेथून पुढे जातात.

भाषेचा अडसर आहेच. त्या मुलीला ळ चा अनुक्रम इंग्रजीत पटवून द्यावा लागला. डॉ. लोहियांनी इंग्रजीच्या वर्चस्वावर केलेली टीका येथे जशीच्या तशी लागू पडते. ज्ञान मराठीचे, दुरुस्ती मराठीची, आणि वाद इंग्रजीतून! तरीही एक गोष्ट नोंदवितो. तिचे इंग्रजी मोडकेतोडके होते, म्हणून तिने बारा आडनावांचा एक तक्ता केला, डावीकडे यंत्राचा क्रम आणि उजवीकडे पाटीवरचा. वाद त्या तक्त्याने संपला. समोरच्यांना मराठी येत नव्हते, पण त्यांनी तिच्याकडे अधिकारपत्र मागितले नाही, गाव कोणते हेही विचारले नाही. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर काही वर्षे काढलेल्या मला हे जरा चुटपूट लावून गेले.

बैठकीच्या अखेरीस मी आमच्या सहकाऱ्यांना एवढेच म्हणालो की लोहियांनी मतपेटी आणि तुरुंग यांच्या जोडीला फावडेही सांगितले होते. फावडे कोणाच्या शेतावर चालते हे पाहूनच हाती घ्यावे, हा तुमचा आग्रह मान्य. म्हणून आपल्या तरुणांनी दुरुस्ती पाठविण्यापूर्वी परवाना वाचावा, परतीची बोली असलेल्या कामाला आधी हात लावावा. आणि तालुका शाखेने अशा कामाला शिबिरातल्या श्रमदानाइतकेच अधिकृत काम मानून, विद्यार्थ्यांच्या प्रवासाचा व इंटरनेटचा खर्च उचलावा. ठराव झाला नाही. खर्चाच्या प्रश्नावर कोषाध्यक्षांनी पुढील बैठक दाखविली. त्या सहकाऱ्यांनी मात्र जाता जाता मला बाजूला घेऊन विचारले की पीकविम्याच्या अर्जात गटनंबर टाकताना जो घोळ होतो तो पोरीला दाखविता येईल काय. मी म्हणालो, दाखविता येईल, पण तिला तो उघडता येणार नाही.

राहिला प्रश्न क्ष आणि ज्ञ यांचा. ती दुसरी दुरुस्ती तिने अद्याप पाठविलेली नाही, कारण महाराष्ट्रभर प्रत्यक्ष रूढी काय आहे हे तिला ठाऊक नाही आणि मलाही नाही. आपल्या गावच्या सोसायटीच्या, ग्रंथालयाच्या किंवा शाळेच्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांत क्षीरसागर हे नाव क मध्ये आहे की अगदी शेवटी, एवढे वाचकांनी पोस्टकार्डावर कळविले तरी पुरे. जिल्हा आणि नोंदवहीचे वर्ष अवश्य लिहावे.